लिफ्टचा पास आणि आपला हिशेब

दिवाळीच्या फराळाचे डबे रिकामे होत आले, की आपल्याकडे घरोघरी पुढचा विषय निघतो : यंदा ख्रिसमसच्या सुट्टीत स्कीइंगला जायचं का? विषय अर्थातच मुलांनी काढलेला असतो. शाळेबरोबर ती एकदा जाऊन आलेली असतात. आपण मंडळी मात्र सिंहगड चढून वर पिठलं-भाकरी खाणारी. डोंगरावरून खाली घसरायला पैसे मोजायचे, हे पचायला वेळ लागतोच.

खरं तर पैसे असतात ते वर नेण्याचे. 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला क्यूबेकमधल्या शॉब्रिजला ॲलेक्स फॉस्टरने डॉज मोटारीच्या चाकाच्या जागी दोर फिरवून लोकांना टेकडीवर ओढून न्यायची सोय केली. अर्ध्या दिवसाचे पंचवीस सेंट! 1936 साली अमेरिकेत सन व्हॅलीला पहिली चेअरलिफ्ट आली. तिची कल्पना बोटीत केळ्यांचे घड चढवणाऱ्या यंत्रावरून सुचली होती. आज मोठ्या डोंगरावर, ऐन हंगामात, खिडकीवरचं एका दिवसाचं तिकीट शंभर डॉलरच्या पुढे जातं. चौघांचं कुटुंब म्हटलं की पोटात गोळा येतो.

म्हणून पहिली गोष्ट : खिडकीवर जाऊन तिकीट काढणं हा शेवटचा उपाय समजावा. बऱ्याच ठिकाणी भाव दिवसागणिक बदलतो. आधी घेतलं तर स्वस्त, आणि ख्रिसमसचा आठवडा, फॅमिली डे, मार्च ब्रेक यांना सगळ्यांत महाग. सीझन पास सहसा आदल्या वसंतातच स्वस्तात मिळतो. व्हिसलर 2016 पासून व्हेल कंपनीकडे आहे, तिथे त्यांचा एपिक पास चालतो; कॉलिंगवुडच्या ब्लू माउंटनला आयकॉन पास. पण हे पास वर्षातून बरेच दिवस जाणाऱ्यांसाठी. दोन दिवसांच्या सहलीला त्यांच्या फंदात पडू नये. मूल चौथी-पाचवीत असेल, तर कॅनेडियन स्की कौन्सिलचा स्नोपास जरूर घ्यावा. एकदा पैसे भरले की देशभरच्या अनेक डोंगरांवर त्याला ठरावीक दिवस वेगळं तिकीट लागत नाही. आणि हो, पास ज्याच्या नावाचा त्यानेच वापरायचा. सकाळी दादा, दुपारी ताई हा आपला तोडगा चालत नाही. पास जप्त होतो.

आता दुसरी गोष्ट, आणि ती जरा आपल्याच माणसांना सांगायची आहे. आपल्याला पैसे वसूल करायची फार हौस. दिवसभराचा पास घेतला, म्हणजे शेवटची लिफ्ट बंद होईपर्यंत उतरायचं नाही! बुफेला गेल्यावर तिसऱ्यांदा ताट भरावं तसं. पण पाय थकलेले, उजेड कमी झालेला, बर्फ कडक होत चाललेलं, अशा वेळी "आता शेवटची एकच" म्हणून वर जाणं शहाणपणाचं नाही. तिकिटाबरोबर बारीक अक्षरांतलं हमीपत्रही आपण मान्य केलेलं असतं. ओंटारिओच्या अपील कोर्टाने 2018 साली ब्लू माउंटनच्या खटल्यात अशी हमीपत्रं ग्राह्य धरली आहेत. पडलं की आपलं आपणच निस्तरायचं.

आणि एवढा हिशेब करताना एक पास मात्र आपण हमखास गाळतो : आईचा. "मी बसते खाली, बॅगा सांभाळते, तुम्ही जाऊन या." थर्मास, मेथीचे ठेपले आणि सगळ्यांची जॅकेटं राखत ती लॉजमध्ये दिवस काढते, आणि आपण म्हणतो, चला, शंभर डॉलर वाचले! नवशिक्याला डोंगराच्या माथ्यावर न्यायची मुळी गरजच नसते. शिकवणी, भाड्याचे बूट-स्की आणि फक्त खालच्या उतारापुरतं तिकीट असं एकत्र पॅकेज बहुतेक ठिकाणी मिळतं. जवळची टेकडी त्याला उत्तम : मिल्टनची ग्लेन ईडन, टोरंटोतली अर्ल बेल्स पार्कची, कॅल्गरीत 1988 च्या ऑलिंपिकचा कॅनडा ऑलिंपिक पार्क. तिथे सरकत्या पट्ट्यावर उभं राहून वर जायचं आणि हळूच घसरत यायचं. सोबत शिकणारी पाच वर्षांची पोरंही धडपडत असतात, लाज वाटायचं कारण नाही.

तेव्हा यंदा बेत ठरवताना दोघांसाठी मोठे पास घेण्याऐवजी चौघांसाठी छोटे पास घेता येतात का, ते आधी पाहा. बॅगांना तिथे भाड्याचे लॉकर मिळतात. किती फेऱ्या झाल्या ते मुलं आठवड्यात विसरतील. आई बर्फावर पडली, खदखदून हसली आणि पुन्हा उठली, हे मात्र ती पुढे आपल्या मुलांनाही सांगतील. वसूल म्हणायचं ते याला!