बाभूळ की वेडी बाभूळ?

चारठाण्याच्या शिवारात सरपणाला जाणाऱ्या मायबहिणींनो, काटेरी झाडाला कुऱ्हाड लावण्याआधी फूल आणि शेंग बघा. फूल पिवळे, गोल गोंड्यासारखे. शेंग करडी, मणी ओवलेल्या माळेसारखी, दाण्यादाण्यात आवळलेली असेल, तर ती आपली बाभूळ. काळ्या रानात, ओढ्याकाठी ती वाढते. भारतात आणि आफ्रिकेतही ती मूळचीच. तिच्या शास्त्रीय नावातले ‘निलोटिका’ नाईल नदीवरून आले.

फूल लांबट तुऱ्याचे, शेंग पिवळसर, न आवळलेली असेल, तर ती अमेरिका खंडातून आणलेली वेडी बाभूळ. सरपण तिचेच तोडा. ती बुडख्यातून पुन्हा फुटते. बाभळीच्या मुळांवरच्या गाठी जमिनीला नत्र देतात. शेंगा शेळ्यांना, डिंक माणसांना. ती राखा, लेकरांनाही ओळख करून द्या.