खांब पायाशी अरुंद का?

विद्यार्थी मित्रांनो, रस्त्याकडेला कारखान्याच्या शेडचा सांगाडा उभा राहत असेल, तर जरा थांबून पाहा. पुष्कळदा त्याचे पोलादी खांब पायाशी अरुंद आणि छपराकडे रुंद होत गेलेले दिसतात. झाडाचा बुंधा तर खाली जाड असतो. मग हे उलटे कसे? ही कंत्राटदाराची काटकसर म्हणून हसण्यापूर्वी एक प्रयोग करा.

प्लॅस्टिकची फूटपट्टी उभी धरून तिची टोके दोन तळव्यांमध्ये दाबा. आधी ती ताठ राहील, मग एकाएकी बाजूला वाकेल. बाक मध्यभागी सर्वांत जास्त असतो आणि टोकांजवळ पट्टी जवळजवळ सरळच राहते. म्हणजे टोकांकडचे द्रव्य बाक थोपविण्याच्या कामी फारसे येत नाही. मग ते काढून मध्ये घातले तर?

अठराव्या शतकात लाग्रांज या थोर गणितज्ञाने हे गणित केले आणि सर्वत्र सारख्या जाडीचा खांबच उत्तम, असे उत्तर काढले. ते चुकीचे होते! १८५१ मध्ये क्लाउसेन यांनी बरोबर आकार शोधला. १९६० मध्ये जोसेफ केलर यांनी हाच प्रश्न नव्याने सोडविला. दोन्ही टोके बिजागरीसारखी फिरू शकणारा, मध्ये जाड व टोकांकडे निमुळता खांब तेवढ्याच लांबीच्या व तेवढ्याच द्रव्याच्या सरळ खांबापेक्षा वाकण्यापूर्वी एक तृतीयांश अधिक भार पेलू शकतो.

आता शेडकडे वळू. अशा खांबाचा पाया बहुधा बिजागरीसारखा मानतात, त्यामुळे तेथे वाकविणारा जोर जवळजवळ नसतो. वर खांब छपराच्या तुळईशी घट्ट जोडलेला असतो. तेथे तो सर्वाधिक असतो. म्हणून रुंदी वर. रस्त्यावरील दिव्याचा खांब जमिनीत घट्ट रोवलेला व वर मोकळा असतो, म्हणून त्याची जाडी खाली. दोघेही बरोबर!

पण माझे खरे म्हणणे पुढेच आहे. खांब किती भाराला वाकेल याचे ऑयलर यांचे प्रसिद्ध सूत्र सारख्या जाडीच्या खांबासाठी आहे. निमुळत्या खांबाला रुंद टोकाचे माप घेऊन ते लावले, तर ताकद फुगून दिसेल आणि माणसांच्या जिवाशी खेळ होईल. अरुंद टोकाचे माप घेतले, तर पोलाद वाचविल्याचा हिशेबच हातून जाईल. म्हणून अभियंते खांबाचे लहान लहान तुकडे कल्पून प्रत्येकाचा बाक मोजतात व त्यांची बेरीज करतात. न्यूमार्क यांनी १९४३ मध्ये यासाठी एक सुटसुटीत रीत दिली. आज संगणक हे काम क्षणात करतो; पण पायाची जोडणी कशी आहे, हे त्याला माणसानेच सांगावे लागते. शिवाय खांबाचा पातळ पत्रा मध्येच सुरकुतणार नाही ना, हेही पाहावे लागते.

आपल्या वर्गांत मात्र सूत्र लिहिले, आकडे घातले की गुण मिळतात. शिक्षकांना विनंती, की प्रत्येक सूत्राबरोबर 'हे कोठे लागू पडत नाही?' असाही एक प्रश्न घालावा. आणि मित्रांनो, तुम्ही फूटपट्टीचे एक टोक टेबलाशी घट्ट धरा, दुसरे बाजूला ढकला आणि बाक कोठे जास्त आहे ते पाहा. मग अशा खांबाचा आकार स्वतः काढा. लाग्रांज चुकले तेथे तुम्ही चुकलात तरी हरकत नाही, उत्तर मात्र तपासून पाहा.