ओहोटीची शाळा

मागच्या पावसाळ्याच्या अखेरीस सातवीच्या वर्गावर भूगोलाचे शिक्षक रजेवर असल्यामुळे आम्हीच गेलो होतो. नद्यांचा पाठ चालू होता. तापी मुलताईस उगम पावते, सातपुड्याच्या कडेकडेने आपल्या बुऱ्हाणपुरास येते, पुढे खानदेश ओलांडून ७२४ किलोमीटरांचा प्रवास संपवते आणि सुरतेजवळ अरबी समुद्रास मिळते, एवढे सांगून आम्ही पुस्तक मिटले. तोच पहिल्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "गुरुजी, समुद्राला मिळाल्यावर पुढे तिथे काय असते?"

"पाणी असते आणि मासे असतात," आम्ही उत्तर दिले. मुलगी निमूटपणे खाली बसली. घंटा झाली, वर्ग सुटला. पण ते उत्तर आमचे आम्हांलाच खुपत राहिले. मराठीची एम. ए. पदवी घेतलेल्या माणसास सागर, सिंधू, अर्णव, जलधी, रत्नाकर असे समुद्राचे पर्याय झोपेतही सांगता येतात. मात्र त्या रत्नाकराच्या घरी राहणाऱ्या दहा जीवांची नावे सांगा म्हटले तर जीभ अडखळते. शब्दांचा धनी वस्तूंच्या बाबतीत मात्र निर्धन, अशी ही अवस्था आहे.

वाचकहो, एक जुना अपराध येथे कबूल केला पाहिजे. सुमारे वीस वर्षांपूर्वी आम्ही शाळेची सहल घेऊन कोकणात गेलो होतो. फोपनारच्या केळीच्या बागांत वाढलेल्या त्या मुलांनी समुद्र प्रथमच पाहिला. मुले आनंदाने वेडी झाली. ओहोटीच्या वेळी खडकांतून हिंडून त्यांनी पिशव्या भरभरून शंख-शिंपले गोळा केले. आम्हीही कौतुकाने पाहत होतो. किंबहुना वर्गात मांडण्यासाठी चांगले निवडून घ्या, असेही आम्हीच सांगितले. दुसऱ्या दिवशी परतीच्या गाडीत असह्य दुर्गंधी सुटली. पिशव्या उघडल्या तेव्हा कळले, की निम्म्याहून अधिक शंखांत जीव होता. कोणात गोगलगाय होती, तर कोणात दुसऱ्याचा रिकामा शंख घर म्हणून पाठीवर वाहणारा खेकडा. पिशव्या रस्त्याकडेला रित्या करताना एका मुलाने विचारले, "गुरुजी, हे जिवंत होते का?" त्यास आम्ही काय उत्तर दिले ते आज आठवत नाही, बहुधा दिलेच नसावे.

मुले दुष्ट नव्हती आणि आम्हीही नव्हतो. आम्हांला कोणी दाखवले नव्हते, एवढेच. डोळ्यांना दिसणे आणि मनास कळणे यांच्यामध्ये एका जाणत्या माणसाची आवश्यकता असते. आमच्याच गावाचे उदाहरण घ्या. फोपनारच्या भूमीत शतकानुशतके बुद्धाच्या कांस्यमूर्ती पडून होत्या. त्या हाती लागल्या, जाणकारांनी त्यांचे मोल ओळखले, म्हणून आज त्या दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात मानाने उभ्या आहेत. जाणता भेटला नसता तर त्या मोडीच्या भावाने गेल्या असत्या. समुद्रकाठच्या जीवसृष्टीचेही असेच आहे. फरक इतकाच, की ती मोडीत गेली तर पुन्हा घडवता येत नाही.

समाधानाची गोष्ट अशी, की असे जाणते आता महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर पुढे आले आहेत. आपल्या समाजास व्याख्यानांची परंपरा नवी नाही. पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तिचे अनुकरण करून आपल्या बृहन्महाराष्ट्र मंडळांतूनही व्याख्याने होत आली. वक्ता, टेबल, पाण्याचा तांब्या, अध्यक्षांचे समारोपाचे दोन शब्द, हा सारा थाट आपल्या परिचयाचा आहे. मुंबईत मात्र २०१७ सालापासून 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' या नावाने प्रदीप पाताडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्याख्यानाचे स्थळच बदलले. ओहोटीची वेळ पाहून वीसपंचवीस नागरिकांस जुहू, गिरगाव, हाजीअली अशा किनाऱ्यांवर न्यायचे, खडकांतील डबक्यांशी वाकून उभे राहायचे आणि समोर जे दिसेल त्यावरच बोलायचे, अशी ही पद्धत आहे. विषय आधी ठरत नाही. समुद्र पुढ्यात आणून ठेवेल तोच विषय.

आणि त्या महानगराच्या उंबऱ्याशी काय काय आढळते! बोट जवळ नेताच पाकळ्या मिटणारे समुद्रफूल दिसते. ते फूल नव्हे, प्राणी आहे. रंगीबेरंगी सागरी गोगलगायी, रंग बदलून खडकात मिसळणारा अष्टपाद, चिखलावर उड्या मारणारी निवटी आणि चक्क प्रवाळही तेथे सापडतात. किनारपट्टीच्या मोठ्या रस्त्याचे काम चालू असताना २०२० साली वरळी-हाजीअलीजवळच्या प्रवाळांच्या वसाहती शास्त्रज्ञांकरवी अन्यत्र हलवाव्या लागल्या, तेव्हा पुष्कळ मुंबईकरांस आपल्या दारी प्रवाळ आहेत हे प्रथमच कळले. तेथे काही आहे हे ठाऊकच नसेल तर ते वाचवा असे तरी कोणी म्हणावे?

याहून अधिक हृद्य कथा वेळासची आहे. रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातील हे छोटे गाव. ऑलिव्ह रिडले जातीच्या सागरी कासवाची मादी थंडीच्या दिवसांत रात्री भरतीच्या वेळी तेथे वाळूवर येते, हात-सव्वा हात खोल खड्डा करून शंभरावर अंडी घालते, वाळू सारखी करते आणि समुद्रात परत जाते. पिलांचे मुख पाहण्यास ती थांबत नाही. ४५ ते ६० दिवस सूर्याच्या उबेवर ती अंडी वाढतात. वाळू जितकी उष्ण तितक्या त्यांतून माद्या अधिक निघतात, असा निसर्गाचा विलक्षण नियम आहे. पूर्वी ही अंडी माणसे खणून नेत, विकत आणि खात. उरलेली कोल्ह्या-कुत्र्यांची. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी सागरी गरुडाच्या घरट्यांची पाहणी करीत २००२ साली तेथे पोहोचले, तेव्हा हा प्रकार त्यांच्या नजरेस आला.

कायदा होताच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या कासवांस उच्च प्रतीचे संरक्षण दिले आहे. तथापि रात्री दोन वाजता निर्जन किनाऱ्यावर कायदा पहारा करीत नाही. काटदरे मंडळींनी गावकऱ्यांसच पहारेकरी केले. सापडलेली अंडी तेवढ्याच खोलीचे खड्डे करून कुंपणात पुरायची, वर टोपली झाकायची, सकाळ-संध्याकाळ ती उचलून पाहायची आणि पिले निघताच समुद्रात जाऊ द्यायची. २००६ पासून तेथे कासव महोत्सव भरू लागला. पाहुणे गावकऱ्यांच्याच घरी उतरतात, त्यांच्याच घरचे जेवतात आणि जाणत्यांकडून माहिती ऐकतात. ज्या घरास अंडी विकून चार पैसे मिळत, त्यासच आता पिले जगली तर उत्पन्न मिळते. उपदेशाने जे साधले नसते ते या योजनेने साधले.

चार वर्षांपूर्वी दापोलीस नातलगांकडे कार्यानिमित्त गेलो असता आम्ही सहकुटुंब वेळासला जाऊन आलो. सायंकाळी दोन बाजूंस दोर बांधले होते आणि मंडळी शांतपणे बसली होती. टोपली उचलली तर खाली काहीच नाही! कार्यकर्ता म्हणाला, "आज पिले नाहीत. उद्या सकाळी पुन्हा पाहू." काही पाहुणे कुरकुरले, लांबून आलो, पैसे खर्चले, इत्यादी. आम्हांस मात्र त्या तरुणाचा तो सरळपणा फार आवडला. निसर्गाचे वेळापत्रक पाहुण्यांच्या सोयीने छापले जात नाही, हा पहिला धडा तेथेच मिळाला. दुसऱ्या दिवशी सूर्योदयानंतर सात पिले निघाली. तळहाताहून लहान, काळसर. वाळूवरून वल्ही मारल्यासारखी ती समुद्राच्या उजेडाकडे निघाली. एक पिलू उलटे झाले तेव्हा आमच्या सौभाग्यवतींचा हात नकळत पुढे झाला. "काकू, त्याला त्याचे उठू द्या," कार्यकर्ता हळूच म्हणाला. ते उठले आणि लाटेने त्यास नेले. हजारातून एखादेच मोठे होते असे म्हणतात. मुलांच्या शाळेत आयुष्य घालवलेल्या माणसाने त्या क्षणी काय अनुभवले ते लिहिण्याची आवश्यकता नाही.

आता आपल्या घरांसाठी एक व्यवहाराची गोष्ट. सुटीत कुलदैवताच्या निमित्ताने आपण कोकणात जातो, पण समुद्र पाहतो तो बहुधा भरतीचा. खडक उघडे पडतात ते ओहोटीस. ओहोटी केव्हा, हे जाणण्याचे साधन प्रत्येक मराठी घरात खुंटीवर टांगलेले असते. पंचांगातील तिथीची पाऊणपट केली म्हणजे मुंबई-कोकणकडील भरतीचा तास साधारणपणे निघतो. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन. म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती आणि सहा तासांनी, नऊच्या सुमारास, पूर्ण ओहोटी. अष्टमीस भरती सहा वाजता, ओहोटी बारा वाजता. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असते, तेव्हा पाणी दूरवर हटते. अष्टमीच्या सुमारास भांग, तेव्हा ते थोडेच हटते. म्हणून द्वितीया-तृतीयेची सकाळ या फेरीस उत्तम. मात्र स्थानिक कोळी बांधवांस विचारल्यावाचून खडकांत उतरू नये. दगड उलटून पाहिला तर जसा होता तसा परत ठेवावा आणि घरी काही आणावयाचे असेल तर केवळ आठवण आणावी. हा शेवटचा नियम आम्ही कोणत्या अनुभवातून शिकलो, ते वर सांगितलेच आहे.

परंतु ज्यांस समुद्र वर्षानुवर्षे दिसत नाही अशा आम्हा तापीकाठच्या माणसांचे काय? त्या मुलीच्या प्रश्नानंतर दिवाळीची सुटी संपताच आम्ही सातवीच्या मुलांस बुऱ्हाणपुरास राजघाटावर नेले. वक्ता म्हणून कोणा प्राध्यापकास बोलावले नाही. तेथे जाळे विणीत बसलेल्या एका वृद्ध भोई गृहस्थांस आम्ही विनंती केली, "बाबा, आमच्या मुलांना जरा नदी सांगा." ते प्रथम संकोचले. "मास्तर, मी शिकलेला नाही," म्हणाले. नंतर जे बोलू लागले ते दीड तास. मरळ पिलांची राखण कशी करते, वाम कोठे दडून बसते, शिंगाड्याचा काटा लागला तर काय होते, नव्या पाण्याला कोणता मासा चढतो, हे सारे त्यांनी हातवारे करून सांगितले. महसीर मासा मध्यप्रदेशाने २०११ साली राज्यमासा म्हणून मानला, हे आम्ही पुस्तकात वाचून सांगितले. त्यांनी मात्र तो हातात धरला होता. "पूर्वी दिसायचा, आता क्वचित," एवढेच ते म्हणाले. मग ती मुलगी पुढे झाली आणि तोच प्रश्न तिने त्यांस विचारला. म्हातारबाबा म्हणाले, "पोरी, समुद्र मीही पाहिला नाही. पण इथून जे जाते ते तिथेच जाते, एवढे खरे."

आमच्या भूगोलाच्या पाठापेक्षा हे उत्तर मोठे होते. मध्ये १९७२ पासून उकाईचे धरण उभे आहे. तरी पुराचे पाणी आणि त्याबरोबर आपण टाकलेली घाण अखेर खाली जातेच. निघताना मुलांनी कोणीही न सांगता पायऱ्यांवरच्या प्लास्टिकच्या पिशव्या वेचल्या. वीस वर्षांपूर्वीच्या त्या पिशव्या आम्हांस आठवल्या. त्या भरलेल्या होत्या, या रिकाम्या. असो.

महाराष्ट्राने २०२३ साली पापलेट हा आपला राज्यमासा ठरवला, आपल्याकडे महसीर. एक समुद्राचा, एक नदीचा. आपण बाहेर राहणारी मराठी माणसे दोन्हींचे देणेकरी आहोत. आपल्या मंडळांच्या वार्षिक कार्यक्रमांत नाटक असते, गायन असते, हळदीकुंकू असते. त्यांत वर्षातून एक सकाळ आपापल्या गावच्या नदीसाठी, तळ्यासाठी राखता येणार नाही काय? वक्ता दूरचा नको. काठावर जाळे विणणारा, नाव वल्हवणारा, पाखरे ओळखणारा कोणी तरी प्रत्येक गावी असतोच. त्यास आदराने बोलवावे आणि आपण श्रोते व्हावे.

शेवटी एक वार्ता. ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१ साली बिल्ला लावलेली एक कासवीण २०२५ साली रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागरच्या वाळूवर अंडी घालताना आढळली. पूर्वेचा समुद्र सोडून, अवघ्या द्वीपकल्पास वळसा घालून ती आली. जे किनारे आपण वेगळे समजतो ते तिच्या लेखी एकच. ही बातमी सातवीच्या फळ्यावर लिहिली तेव्हा त्याच मुलीने विचारले, "गुरुजी, आपण तिला पाहायला जाऊ या का?"

या वेळी आम्ही घाईने उत्तर दिले नाही. भिंतीवरचे पंचांग काढून तिच्या हाती दिले आणि म्हटले, "माघ-फाल्गुनातली एखादी द्वितीया शोध पाहू."

सहल ठरली आहे. पिशव्या मात्र नेणार नाही.