मजुराच्या मताला टपाल का नाही?

सडक अर्जुनी तालुक्यात धानाची मळणी आटोपली की भूमिहीन मजुराच्या हाताला काम उरत नाही. कोहमाऱ्याच्या फाट्यावरून तो नागपूर-रायपूरची वाट धरतो. गाव सुटते, मतदार यादीतील नाव सुटत नाही. तात्पुरत्या गैरहजेरीमुळे कोणाचे रहिवासीपण संपत नाही, असे १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे २० वे कलमच सांगते. मग मतदानाच्या दिवशी या नावाचा उपयोग काय?

टपाली मतपत्रिका सैनिकाला मिळते, निवडणूक कामावरील कर्मचाऱ्याला मिळते, प्रतिबंधक स्थानबद्धतेतील मतदारालाही मिळते. २०१९ च्या नियमदुरुस्तीने वृद्ध व अपंगांची सोय झाली. २०२४ मध्ये वृद्धांची वयोमर्यादा ८० वरून ८५ करण्यात आली. या सवलती न्याय्यच आहेत. परंतु पोटासाठी परगावी गेलेल्या मजुराला त्यांत जागा नाही. मतदानाच्या दिवसाची पगारी सुटी कायद्यात आहे. पण येण्याजाण्याचे भाडे आणि वाटेत बुडणारी मजुरी कोण देणार? निवडणूक आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये दूरस्थ मतदान यंत्राची घोषणा केली. २०२४ ची लोकसभा निवडणूक त्यावाचूनच पार पडली.

कार्यकर्त्यांनी दोन कामे हाती घ्यावीत. निवडणुकीची अधिसूचना निघताच पाच दिवसांच्या मुदतीत वृद्ध व अपंग मतदारांचे '१२ ड' अर्ज भरून द्यावेत. आणि परगावी गेलेल्या मजुरांची गाववार नोंद करून त्यांच्यासाठी टपाली मताची मागणी लावून धरावी. सीमेवरच्या जवानाचे मत टपालाने येऊ शकते, तर रस्ते आणि इमारती बांधणाऱ्या मजुराचेही आले पाहिजे.