माप बदलले की भावही बदलतो

नांदेडच्या मोंढ्यात सोयाबीनचे वजन किलोत धरून भाव क्विंटलचाच लावला, तर रक्कम शंभरपट होईल. पेढीवर वाढलेल्या मुलास हे शिकवावे लागत नाही. तोच मुलगा लातूरला शिकवणीस गेला की त्रिकोणमितीय समाकलनात, म्हणजे इंटिग्रेशनमध्ये, नेमकी हीच चूक करतो. आदेश पद्धतीने तो टॅन(क्ष/२) = ट असे मानतो, कोसाइन क्षच्या जागी (१ − ट²)/(१ + ट²) लिहितो आणि डीक्षऐवजी नुसते डीट ठेवून पुढे जातो. तेथे २डीट/(१ + ट²) यावयास हवे.

१/(५ + ४ कोसाइन क्ष) हे उदाहरण घ्यावे. आदेशानंतर छेद (९ + ट²)/(१ + ट²) होतो. डीक्षही नीट बदलला असेल, तर १ + ट² कटून जाते आणि २/(९ + ट²) एवढेच उरते. त्याचे समाकलन २/३ व्यस्त टॅन(ट/३).

मापे आधी ठरवावीत, ही शिस्त जुनी आहे. राष्ट्रकूट राजे स्वतःस लट्टलूरचे अधिपती म्हणवीत. हे लट्टलूर म्हणजे आजचे लातूर, असे अभ्यासक मानतात. त्यांच्यापैकी अमोघवर्षाच्या काळी, नवव्या शतकात, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ रचला. त्यात समाकलन अर्थातच नाही. पण आरंभी धान्य, सुवर्ण, काल यांच्या मापांच्या परिभाषा आहेत, व्याजाची व व्यापाराची गणिते त्यानंतर.

खरी कसोटी सीमांची. हेच समाकलन ० ते ३६० अंशांपर्यंत मागितले, तर दोन्ही टोकांना ट शून्यच येतो आणि घाईत उत्तरही शून्य निघते. पर्यायांत शून्य दिसले की विद्यार्थी खूण करून मोकळा होतो! परंतु हे फलन १/९ च्या खाली कधी उतरतच नाही. रोज विक्री झाली आणि वर्षाची बेरीज शून्य आली, तर कोणताही मुनीम वही पुन्हा उघडील. दोष १८० अंशांवर आहे: तेथे टॅन ९० अंशांचा होतो, त्यास किंमतच नाही, म्हणून आदेश तुटतो. यासाठी ० ते १८० हा भाग वेगळा घ्यावा. त्यात ट शून्यापासून अनंतापर्यंत जातो आणि उत्तर पाय/३ येते. उरलेला अर्धा भाग तेवढाच. एकूण २पाय/३, सुमारे २.०९.