जलपूजनाआधी दरवाजे बघा

केजकरांनो, मांजरा धरण भरलं की आपण धनेगावला पाणी बघायला जातो. या खेपेला पाणी उतरल्यावर जा, आणि दरवाजे बघा.

सप्टेंबर २०२१च्या पुरात या धरणाचे १८ दरवाजे उघडावे लागले. त्याआधी २०१६ला तळ दिसला होता. तेव्हा लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. अशा धरणाचं लोखंड कधी ओलं, कधी कोरडं. पाणी आणि हवा आलटूनपालटून लागली की गंज धरतोच. दरवाजाची खालची कड, रबरी सीलमागची फट, गाळ साचणारे कोपरे, बोल्ट, उचलायचे दोर : गंज आधी इथे बसतो. रंग फुगलेला दिसला की आत तांबूस भुगा असतो. त्यावर नुसता ब्रश फिरवला तर दरवाजा नवा दिसतो, गंज आत खातच राहतो. लोखंड उघडं पडेस्तोवर खरवडायचं, प्रायमर मारायचा, मग रंग. आणि हे काम पाणी दरवाजांच्या खाली असतानाच नीट होतं.

ऑगस्ट २०२४मध्ये तुंगभद्रेच्या १९ नंबरच्या दरवाजाची साखळी तुटली आणि दरवाजाच वाहून गेला. ऐन पावसाळ्यात साठवलेलं पाणी सोडून द्यावं लागलं. आपल्याला तेवढं पाणी सोडणं परवडेल?

गंजातून काँक्रीटही सुटलेलं नाही. चांगल्या काँक्रीटचा अल्कधर्मी गुण आतल्या सळईला जपतो. पण आपल्याकडे टंचाईत पाणी मारण्यात हात आखडतो, सळईवरचं काँक्रीटचं कव्हर कच्चं राहतं. त्यात बोअरचं खारं पाणी कालवलं की सळई गंजते, फुगते आणि काँक्रीट फोडते. सळईच्या कामाला लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त क्लोराइडचं पाणी चालत नाही. बंधारा असो की टाकी, कंत्राटदाराकडे पाण्याचा तपासणी अहवाल मागा.

जलपूजनाला फोटो निघतो, ग्रीसच्या डब्याला निघत नाही. म्हणून मागणी आपणच रेटायची. २०२१च्या धरण सुरक्षा कायद्याने मोठ्या धरणांची पावसाळ्याआधी आणि नंतर पाहणी सक्तीची आहे. ती पाहणी कागदावर मागा. कोणता दरवाजा शेवटचा कधी खरवडला, हेही विचारा. कळंब, अंबाजोगाई, लातूरकरांना सोबत घ्या; तेही हेच पाणी पितात. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत ठराव करा आणि १ मेच्या सभेत त्याचा जाब विचारा.