जनाजा दाखवायचा, तर नीट दाखवा

पनवेलमध्ये मय्यतीची खबर मोहल्ल्यात फिरली की पूर्वी एकच प्रश्न विचारला जाई : 'दफन कधी?' आता त्याला दुसरा प्रश्न जोडून येतो : 'लिंक आहे का?' विचारणारा बहुधा कुवेत, दुबई, दोहा किंवा केपटाउनमध्ये असतो. कुणाचा मुलगा, कुणाचा भाऊ. कोकणी मुसलमानाचे घर अर्धे गावात आणि अर्धे परमुलखात, ही काही आजची गोष्ट नाही. आमच्या आजोबांची पिढी जहाजावर गेली, वडिलांची आखातात. त्या काळी आई गेल्याची तार पोहोचायची तेव्हा इकडे दफन उरकलेले असे आणि सविस्तर पत्र हाती पडेपर्यंत चाळीसावाही होऊन जाई. आता तोच मुलगा आईचा जनाजा घरातून निघताना पाहू शकतो. हा बदल लहान नाही. म्हणूनच तो कसा वापरायचा, यावर स्पष्ट बोलायला हवे.

या प्रश्नावर समाजात दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, मय्यतीत मोबाइल काढणेच हराम. दुसरा म्हणतो, जमाना बदलला, जे दिसेल ते दाखवा. माझे भांडण दोघांशीही आहे.

पहिल्या पक्षाला मी एवढेच विचारतो : मक्केच्या हरममध्ये जवळजवळ प्रत्येक फर्ज नमाजनंतर जनाज्याची नमाज होते आणि ती टीव्हीवर जगभर थेट दिसते. ती आपण घरी बसून पाहतो, डोळे पुसतो. तिथे हराम नाही आणि पनवेलच्या कबरस्तानात मात्र हराम, हे कसे? हजच्या अर्जासाठी फोटो काढताना तसवीर चालते, मग मुलाला बापाची कबर दाखवतानाच ती का आठवते?

२०२० साल आपण इतक्या लवकर विसरलो का? २४ मार्च २०२० च्या केंद्राच्या आदेशाने अंत्यविधीला वीसपेक्षा जास्त माणसे जमवण्यास बंदी आली. ३० मार्चला मुंबई महापालिकेने कोरोनाने गेलेल्या प्रत्येकाचे, मग धर्म कोणताही असो, दहनच करावे असे परिपत्रक काढले आणि त्याच दिवशी ते बदलावे लागले. वांद्र्याच्या कोकणी कबरस्तानात दफन नको म्हणून लोक उच्च न्यायालयात गेले. २२ मे २०२० रोजी न्यायालयाने ती याचिका फेटाळली आणि सन्मानाने दफन होणे हा घटनेच्या २१ व्या कलमातील जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगितले. त्या दिवसांत मोबाइल नसता, तर कितीतरी घरांना आपला माणूस मातीत गेल्याची खात्रीही झाली नसती. उलट दिशेनेही हेच. आखातात गेलेले आपले कितीतरी लोक तिथेच दफन होतात. इथल्या आईबापांना ती कबर दिसते ती मोबाइलवरच.

आणि हे फक्त परदेशातल्या मुलासाठी आहे, असेही समजू नका. माझ्या फुफीचा तरणाताठा मुलगा २००९ साली गेला. कबरस्तान घरापासून पंधरा मिनिटांवर. बायकांनी तिथे जायचे नाही, हा आमचा रिवाज. जनाजा उंबऱ्याबाहेर पडला आणि तिच्यासाठी सगळे तिथेच संपले. पुढे अनेक वर्षे ती मला विचारायची, "अरे, त्याला झाडाच्या सावलीत ठेवलंय ना?" मी दर वेळी "हो फुफी" म्हणायचो. तिथे झाड नव्हते. दुबईतल्या मुलाचे आपल्याला वाईट वाटते. आतल्या खोलीत बसलेल्या आईचे का वाटत नाही? तिच्यासाठी तर पंधरा मिनिटांवरचे कबरस्तान दुबईपेक्षा लांब आहे.

आता दुसऱ्या पक्षाकडे वळतो. माझ्या वडिलांची मय्यत झाली तेव्हा भाऊ कुवेतमध्ये होता. रजा मिळाली नाही. घरातल्याच एका हौशी पोराने मोबाइल काढला आणि कुणाला न विचारता एका समाजमाध्यमावर सगळ्या जगासाठी खुले प्रक्षेपण सुरू केले. नाकात कापूस घातलेला वडिलांचा चेहरा दोन दोन मिनिटे पडद्यावर राहिला आणि त्यावरून लोकांनी पाठवलेले बदाम आणि अंगठे तरंगत गेले. एक हसरे तोंडही गेले. डोक्यावरची ओढणी सरकलेल्या, रडणाऱ्या बायका दिसल्या. कोण पुढारी आला, कोणत्या गाडीतून आला, तेही दिसले. इमामांनी पहिली तकबीर म्हटली आणि त्याच क्षणी पोराला कुणाचा तरी फोन आला, चित्र थांबले. परत सुरू झाले तेव्हा कबरीवर माती पडली होती. रात्री भाऊ मला म्हणाला, "भाई, सगळ्यांनी बाबांना पाहिलं, मीच पाहिलं नाही."

मय्यतीला गुस्ल देणाऱ्याने जे पाहिले ते झाकून ठेवावे, असे आपल्याला लहानपणापासून शिकवतात. बाईला कबरीत उतरवताना वर चादर धरतात. ही चादर कशासाठी, हे त्या पोराला कुणी सांगितले होते का? नसेल, तर दोष पोराचा नाही, आपला आहे.

म्हणून काही गोष्टी ठरवून टाकाव्यात. गुस्ल आणि कफनाच्या जागी मोबाइल नेऊच नये. चेहरा दाखवायचा की नाही, हे वारसांनी ठरवावे; बाईच्या मय्यतीत तो दाखवूच नये आणि ती कबरीत उतरत असताना मोबाइलचे तोंड दुसरीकडे वळवावे. लिंक सगळ्या जगासाठी खुली नसावी. वारसांनी ज्यांची नावे दिली त्यांनाच मिळावी. बदाम-अंगठ्यांची सोय बंद करावी. बायकांच्या बाजूला मोबाइल फिरवू नये. पुढे चित्रफीत ठेवायची की पुसायची, तेही वारसच ठरवतील.

जे दाखवायचे ते मात्र पूर्ण दाखवावे. जनाजा घरातून निघणे, नमाजच्या सफा, चार तकबिरी, कबर, मातीच्या मुठी, दुआ. नमाजच्या वेळी मोबाइल सफांच्या मागे एका जागी उभा असावा. इमामांच्या पुढ्यात कुणी नाचू नये. त्यावर येणारे इतर फोन आधीच बंद करावेत, बॅटरी भरलेली असावी. कबरस्तानात वाऱ्याने आवाज फाटतो, म्हणून माइकवर पातळ कापड बांधावे. आणि 'जोहरनंतर' एवढेच कळवू नये. पनवेलचा जोहर कुवेतचा नसतो. तिथले घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे, दुबईचे दीड तास. नेमकी वेळ सांगा, म्हणजे मुलगा कामावरून अर्धा तास मागून घेईल.

पण लिंक जे करू शकत नाही, तेही सांगायला हवे. पडद्यावर पाहणे म्हणजे नमाज पढणे नव्हे. मोबाइलमधल्या इमामामागे नियत बांधता येत नाही. मात्र आपण बहुतेक कोकणी शाफई आहोत, आणि शाफई मजहबात दूर देशी असलेल्याला गायबाना नमाज-ए-जनाजा पढता येते. हबशाचा बादशहा नजाशी वारला तेव्हा पैगंबर साहेबांनी मदिनेत सफा लावून त्याची नमाज पढवली, हा त्याचा आधार. हनफी हे मानत नाहीत; त्यांनी दुआ करावी. तेव्हा कुवेतमधल्या शाफई मुलाने लिंक पाहावी आणि मग चार सोबत्यांना घेऊन सफ लावावी. ही सवलत गावात असलेल्यासाठी मात्र नाही. नवीन पनवेलमध्ये राहून जुन्या पनवेलची मय्यत पलंगावरून पाहणाऱ्याला कोणत्याच मजहबाचा आधार नाही. दफनापर्यंत थांबणाऱ्याला दोन कीरात, म्हणजे दोन डोंगरांएवढा सवाब सांगितला आहे, तो मातीची मूठ टाकणाऱ्याला. खांदा मोबाइलला देता येत नाही.

लिंकचा आणखी एक उपयोग आहे. दफनात उशीर करू नये, ही शिकवण सगळ्यांना पाठ आहे, तरी मुलगा येईपर्यंत मय्यत दोन दोन दिवस बर्फात ठेवली जाते. ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झालेला नवी मुंबईचा विमानतळ आमच्या पनवेल तालुक्यातच आहे. पण विमानतळ जवळ आल्याने मालकाची रजा जवळ येत नाही. नीट दाखवण्याची खात्री असेल, तर मुलगाच म्हणेल, 'माझ्यासाठी थांबू नका.'

ही खात्री कोण देणार? माझे उत्तर आहे : जमात. डोला जमातीचा असतो, कबर खोदणारा जमातीने नेमलेला असतो, कफनाचे कापडही कित्येक ठिकाणी जमातीकडेच तयार असते. ज्या घरात मौत झाली त्या घराला यातले काही शोधायला लागू नये, म्हणून आपल्या वडीलधाऱ्यांनी ही व्यवस्था लावली. त्याच कपाटात एक मोबाइल आणि एक तिपाई ठेवायला कितीसा खर्च येतो? दोन समजूतदार माणसे शिकवून तयार करा. बायकांच्या मय्यतीसाठी घरातल्या भागाचे काम एखाद्या बाईकडे द्या. नियम मशिदीच्या फलकावर लावा. सेवा फुकट असू द्या, म्हणजे गरिबाच्या मय्यतीलाही ती मिळेल.

मौलानांनी नुसते 'हराम' म्हणून हात झटकू नयेत. काय झाकायचे आणि काय दाखवायचे, हे त्यांनीच पोरांना शिकवावे. ते शिकवणार नसतील, तर पोरे आपल्या मनाने दाखवतीलच आणि बेअब्रू होईल ती मय्यतीची.

माझी फुफी आता नाही. तिला मी शेवटपर्यंत खोटेच सांगत राहिलो. पुढच्या कुणा आईने विचारले, तर तिच्या भाच्यावर ती पाळी येऊ नये. झाड असेल तर झाड, नसेल तर उघडी माती. तिची जागा तिला तिच्या डोळ्यांनी पाहू द्या.